मे महिन्यातली शाल

माझं लग्न अडलं होतं ते उन्हावर. पत्रिका जुळली होती, मुलगा चंद्रपूरला कॉलेजात शिकवत होता, मला पसंतही होता. पण आमचे अण्णा वाईच्या कृष्णाकाठी जन्मलेले. हळदीचा व्यापार, घाटावरचा वारा आणि दुपारची झोप, यापलीकडे त्यांनी आयुष्याकडे फारसं काही मागितलं नाही. चंद्रपूर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे उन्हाळाभर पेपरात छापून येणारा तो तापमानाचा आकडा यायचा. "पोरीला भाजून काढायला पाठवू का?" असं ते माजघरात आईला विचारत होते, आणि ते ओटीवर बसलेल्या पाहुण्यांना स्वच्छ ऐकू येत होतं.

पाहुण्यांत एक उंच, सडपातळ गृहस्थ होते. डोक्यावर पांढरी जाळीची टोपी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, कानात अत्तराचा फाया. मुलाच्या बाजूचे कोणी वडीलधारे असतील असं मी धरून चालले होते. पण ते नात्यातले कोणीच नव्हते. ते शब्बीरभाऊ होते, मुलाच्या घराशेजारचे. अण्णा बाहेर येऊन बसताच ते म्हणाले, "अण्णा, ऊन आहे. मी नाई म्हणत नाई. पण ते दिवसा. संध्याकाळी झरपट नदीवरून वारा सुटला का, मे मइन्यात बी शाल घ्या लागते."

अण्णांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आत वळून म्हणाले, "पोह्यांवर खोबरं जास्त घाला." आमच्या घरात याचा अर्थ होकार.

परवा पुण्याहून आरिफचा, भाऊंच्या मुलाचा, फोन आला. भाऊ झोपेतच गेले. फोन ठेवल्यावर मी अंगणात येऊन बसले. दिवस मावळत होता, कोळशाच्या ट्रकांनी उडवलेली धूळ हवेत तरंगत होती आणि उन्हानं ती सोनेरी झाली होती. या गावाची धूळसुद्धा कशी दिसते बघ, असं भाऊ म्हणायचे. मला खूप रडू आलं.

शब्बीरभाऊंचं बिछायत केंद्र होतं. आमच्या वाईकडे ज्याला मांडववाले म्हणतात, त्याला इकडे बिछायतवाले म्हणतात. सतरंज्या, गाद्या, खुर्च्या, कनाती, हंडे, पातेली, सगळं भाड्यानं देणारे. लग्न जमलं की मांडव त्यांचाच. त्यामुळे ते सोयरिकी जमवतात ते धंद्यासाठी, असं त्यांना चिडवलं जायचं. ते हसून म्हणायचे, "धंदा तं व्हतेच न बाप्पा. पण गावात माणूस वाढते, ते कोण पाह्यते?" आमच्या गल्लीत एक रीतच पडून गेली होती. बाहेरगावची मंडळी 'चंद्रपूर? नको रे बाबा' म्हणाली की मुलाकडचे लोक शब्बीरभाऊंना घेऊन जायचे. बाकीच्यांनी मुलाची बाजू मांडायची, भाऊंनी गावाची. गावाला वकील असतो हे मी इथं आल्यावर पाहिलं.

ते कधी चंद्रपूर म्हणत नसत. चांदाच. "चंद्रपूर सरकारचं, चांदा आमचं," असा त्यांचा खुलासा होता.

गल्लीत नवी नवरी आली की पहिल्या आठवड्यात तिला परकोटाची फेरी घडायची. परकोट म्हणजे गोंड राजांनी शहराभोवती बांधलेली दगडी भिंत. भाऊंचा सतरंज्या वाहणारा टेम्पो यायचा, मागे गुंडाळलेल्या सतरंज्यांवर गल्लीतल्या बायका बसायच्या, मधोमध नवरी. मी बसले तेव्हा माझ्या एका हाताला सासूबाई होत्या, दुसऱ्या हाताला भाऊंची बायको जुलेखाभाभी. हिवाळ्याची संध्याकाळ होती. जटपुरा दरवाज्यातून निघून टेम्पो बिनबा दरवाज्याकडे हळूहळू चालला. एका अंगाला काळसर दगडांची भिंत, तिच्या फटींतून उगवलेले पिंपळ, वर पोपटांचे थवे. भाऊ ड्रायव्हरशेजारून मान मागे वळवून बोलत होते.

"राजा शिकारीले गेल्ता, सूनबाई. पाह्यते तं काय, एक ससा कुत्र्याच्या मागं लागला! कुत्रा पुढं, ससा मागं. त्या सशाच्या कपाळावर चांदासारखा पांढरा ठिपका. कुत्रा गोल गोल पळते, ससा त्याले सोडत नाई. राजानं घरी येऊन रानीले सांगितलं. रानी हुशार. म्हणे, जिथी ससा कुत्र्याले पळवते, ती जागा सादी नाई. ससा जिथून जिथून पळाला, तिथून तिथून भिंत बांधा. हे पाह्य, आपून आता सशाच्याच रस्त्यानं जाऊन राह्यलो."

पठाणपुरा दरवाज्यापाशी उजेड विरत आला होता. नदीकडून गार वारा येत होता, कुठंतरी तुरीच्या शेंगा भाजल्याचा वास होता. सतरंज्यांच्या उबेत मला डुलकी लागली असावी, कारण भिंतीच्या पायाशी काहीतरी पांढरं, लहानसं, आमच्या बरोबरीनं धावत असल्याचं मला स्पष्ट दिसलं. मी दचकून सासूबाईंचा हात धरला. पुढं अंचलेश्वर दरवाज्याच्या कमानीवर हत्तीला पायाखाली घेतलेला सिंह अंधारात बुडत चालला होता, आणि माहेर सोडून आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या छातीतला दगड हलका झाल्यासारखा वाटला.

"मग ससा गेला कुठं?" मी उतरताना विचारलं.

"जाईन कुठी? गोल फिरते त्याले कुठी जाणं नसते," भाऊ म्हणाले.

नंतर कळलं, मूळ गोष्टीत शेवटी कुत्रा सशाला मारतो. माझ्या नवऱ्यानं एकदा भाऊंना तसं सांगितलंसुद्धा. इतिहास शिकवतात ते, त्यांना राहवेना. भाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, ज्यानं ससा मारला तो चांद्याचा नव्हता." पुढं कोणी हा विषय काढला नाही. खरं सांगायचं तर भाऊंचा इतिहास बराचसा कच्चाच होता. राजांची नावं ते मागंपुढं करायचे, एका राजाचं देऊळ दुसऱ्याच्या पदरात घालायचे. पण प्रेम पक्कं असलं की माणसं बाकीच्या चुका पोटात घालतात.

त्यांची दुसरी ख्याती होती 'दोन मिनिटं'. पार तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्यापर्यंत त्यांच्या कनाती जायच्या. नाटक असो, दंडार असो, कव्वाली असो, भागवत सप्ताह असो, अट एकच. कार्यक्रमाआधी त्यांना माईकवर दोन मिनिटं हवीत. त्या दोन मिनिटांत ते चांद्याबद्दल बोलायचे. सिरोंच्यात मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलायचे आणि लोक पोट धरून हसायचे, पण ऐकायचे. भागवत सांगणारे महाराजसुद्धा मानेनं खूण करून त्यांना आधी सोडायचे.

एकदा गावात कुठल्याशा साहित्याच्या कार्यक्रमाला पुण्याचे एक वक्ते आले होते. आयोजकांनी भाऊंना सांगितलं, या वेळी दोन मिनिटं जमणार नाहीत, पाहुण्यांना गाडी गाठायची आहे. भाऊ मागं जाऊन उभे राहिले. वक्त्यांनी सुरुवातच केली, "इतक्या लांब, इतक्या आडबाजूला, जंगलात यायचं म्हणजे..." आणि लोक नेहमीप्रमाणं ओशाळं हसले. तेवढ्यात मागून भाऊंचा आवाज आला, "पोट्टेहो, सतरंज्या गुंडाळा."

त्यांच्या माणसांनी खरोखरच मागच्या बाजूनं सतरंजी गुंडाळायला घेतली. मागच्या रांगेतली माणसं उठून पुढं सरकली, त्यांच्या पुढची आणखी पुढं. सगळी सभा व्यासपीठाच्या पायरीशी येऊन ठेपली तेव्हा आयोजक धावत आले आणि माईक भाऊंच्या हातात गेला.

"साहेब म्हणतेत चांदा लांब आहे," भाऊ अगदी मऊ आवाजात म्हणाले. "कोणापासून लांब? मी तं इथीच उभा आहो." बस्स, एवढंच. दोन मिनिटंसुद्धा वापरली नाहीत. वक्ते भले होते, ते स्वतःच टाळ्या वाजवू लागले. कार्यक्रमानंतर भाऊ त्यांना टेम्पोत घालून परकोटाला घेऊन गेले. त्यांची गाडी अर्थातच चुकली, आणि पाहुण्यांनी भाभींच्या हातची बिर्याणी खाल्ली.

पण खरी कसोटी लागली ती अण्णा मे महिन्यात आले तेव्हा. लग्नानंतर ते हिवाळ्यातच यायचे. त्या वर्षी मला बाळ झालं आणि नातीला बघायला थांबवेना म्हणून ते भर उन्हाळ्यात निघाले. ही बातमी कळताच भाऊ सकाळीच आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला. "काऊन एवढी घाई करून राह्यले अण्णा? आंबे संपल्यावर आले असते." मग थोडा विचार करून म्हणाले, "जाऊ दे. करू काईतरी."

अण्णा आले त्या दुपारी आमच्या घराच्या प्रत्येक खिडकीला लग्नाच्या मांडवात लावतात तसला अवाढव्य कूलर लागलेला होता. वाळ्याच्या ताट्या भिजून घमघमत होत्या. ओल्या वाऱ्याचा झोत असा येत होता की कॅलेंडरची पानं भिंतीवर थांबेनात, बाळाला दोन दुपट्यांत गुंडाळावं लागलं, आणि आम्ही आपसांत ओरडून बोलत होतो. संध्याकाळी भाभींना घेऊन भाऊ आले. पांढरा शर्ट, अत्तर, आणि खांद्यावरून छान लपेटून घेतलेली तपकिरी लोकरी शाल.

"पाह्यलं न अण्णा?" ते म्हणाले. "बोललो होतो न."

अण्णा घोंगडी पांघरून बसले होते. "होय, होय. गारठा आहे खरा," ते म्हणाले.

आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. कूलरची घरघर एकेक करत बंद पडली. घरात एकदम शांतता झाली आणि त्या शांततेबरोबर बाहेरची हवा आत आली, भट्टीचं दार उघडावं तशी. पाचएक मिनिटांत आम्ही सगळे निथळत होतो. अण्णांनी घोंगडी बाजूला ठेवली, सदऱ्याची बटणं काढली. भाऊंच्या कपाळावरून घामाच्या धारा दाढीत उतरत होत्या, पण शाल काही खांद्यावरून हलली नाही.

"शब्बीरभाऊ, काढा की आता ती शाल," अण्णा म्हणाले.

"नाई अण्णा. मले थंडी वाजून राह्यली."

आम्ही सगळे खाली माना घालून बसलो. हसू दाबताना जुलेखाभाभींचे डोळे पाण्यानं भरले होते. लाईट येईपर्यंत भाऊ तसेच बसून राहिले आणि अण्णांना रामाळा तलावाच्या गार वाऱ्याबद्दल सांगत राहिले.

अण्णांना गाडीत बसवायला मी बल्लारशाला गेले होते. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून ते म्हणाले, "तो खोटं बोलतोय हे मला वाईतच कळलं होतं बरं का. मे महिन्यात शाल! मी काय इतका भोळा? पण जो माणूस आपल्या गावासाठी परमुलखात येऊन असं तोंड भरून खोटं बोलतो, त्याच्या शेजारी माझी पोर एकटी पडायची नाही, हेही कळलं." मग गाडी हलली. भाऊंना यातलं काही सांगू नकोस, असं ते हातानं खुणावत राहिले. मी सांगितलं नाही. पुढं अण्णा वारले, भाऊंच्या दाढीत काळा केस उरला नाही, आणि दर उन्हाळ्यात ती तपकिरी शाल एखाद्या संध्याकाळी खांद्यावर दिसायचीच.

मग भाऊंना खोकला लागला. आधी आम्ही ऋतुबदल म्हणालो. मग जिना चढताना ते मधेच थांबून दूरवरचं काहीतरी बघितल्यासारखं करायला लागले. दम लागलाय हे लपवायची ती युक्ती होती. शर्टाच्या खिशात अत्तराच्या कुपीशेजारी दम्याचा पंप आला. परकोटाच्या फेरीत गोष्ट सांगताना ससा अर्ध्यात थांबायला लागला. एका सकाळी जुलेखाभाभी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"डॉक्टर म्हणते, आनखी एक उन्हाळा इथल्या धुळीत काढला तं छाती साथ देनार नाई. आरिफ दोनदा नेवाले आला पुन्याहून. हा हटून बसला. तुह्या बापाले यानं पटवलं होतं न? आता तू याले पटव."

होळी जवळ आली होती. म्हणजे वेळ फार नव्हता.

मी गेले तेव्हा भाऊ गोदामात सतरंज्यांच्या थप्पीवर टेकून बसले होते. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या तिरिपी येत होत्या आणि त्यांच्यात धूळ निवांत फिरत होती. मला बघून ते म्हणाले, "भाभीनं धाडलं न? बस. दोन मिनिटं देतो."

मी पुण्याच्या हवेबद्दल बोलले, नातवंडांबद्दल बोलले. ते "असन", "आहे न" म्हणत राहिले. मग पंप ओढून, थोडं थांबून म्हणाले, "सूनबाई, मरनाचं मले काई नाई. पण या गल्लीत किती पोरी मी बोलून आनल्या? नाशकाची आनली, कोल्हापूरची आनली, तुले वाईहून आनलं. सगळ्याईच्या बापाले सांगितलं, चांद्याची हवा लय चांगली. अन् आता तीच हवा सोसत नाई म्हणून मीच पळून जाऊ? अण्णाले वर जाऊन काय तोंड दाखवू? म्हणतीन, माह्या पोरीले इथी आणून टाकलं अन् हा सोता गेला पुन्याले."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी त्यांना बल्लारशाच्या फलाटावरचं सगळं सांगितलं.

ते सरळ होऊन बसले. "वाईतच कळलं होतं?"

"वाईतच."

"मंग कूलर लावले तवा बी?"

"तेव्हाही."

"अन् मी शाल पांघरून मरून राह्यलो होतो, तवा?"

"तेव्हाही, भाऊ."

ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळे वाहायला लागले, आणि मला कळेना की पाणी आणू की नुसतीच बसून राहू. "लय बदमाश मानूस होता बाप्पा तुहा बाप," ते म्हणाले. "इतकी वर्सं मले वाटे, मी त्याले फसवलं. मनात बोच होती, सूनबाई. अन् त्यानंच मले फसवलं!"

"आम्ही आलो तुमच्या सांगण्यावरून, भाऊ," मी म्हणाले. "पण राहिलो आमच्या मनानं. मला आता वाईला चार दिवसांवर करमत नाही. तुम्ही गेलात म्हणून चांदा काही वाईट ठरत नाही."

ते त्या धुळीकडे बघू लागले. मी शेवटचं अस्त्र काढलं. "आणि पुण्याला संध्याकाळी शाल लागते."

"खोटं."

"खरं. तिथं खरंच लागते."

"खरंच लागते?" त्यांनी तोंड वाकडं केलं. "मंग त्यात काय मजा?" पण त्या रात्री भाभींनी ट्रंका काढल्या.

पुण्यात ते बरे राहिले. खोकला कमी झाला. आरिफ सांगायचा, सोसायटीच्या गणपतीत अब्बांनी माईकवर दोन मिनिटं मागितली, आता प्रत्येक कार्यक्रमात मागतात. मागच्या हिवाळ्यात त्याच सोसायटीतलं एक तरुण जोडपं आमच्या दारात येऊन म्हणालं, ताडोबाला आलो होतो, शब्बीरकाकांनी बजावलंय की वाघ दिसो न दिसो, परकोट बघितल्याशिवाय परत यायचं नाही. मी त्यांना फिरवून आणलं. गोष्ट सांगत सांगत अंचलेश्वरपर्यंत आले आणि लक्षात आलं, माझाही ससा मेला नव्हता.

भाऊंना मी शेवटचं पाहिलं, ते पुण्याला निघाले त्या दिवशी. होळी होऊन गेली होती, ऊन चढायला लागलं होतं. आरिफची गाडी जटपुरा दरवाज्यापाशी उभी होती. तिथपर्यंत भाऊ टेम्पोतून आले, परकोटाचा पूर्ण फेरा मारून, आणि मागे सतरंज्यांवर आम्ही त्यांनी आणलेल्या सुना, आता केस पिकलेल्या. गोष्ट कोणी सांगितली नाही. भाभी आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या, त्यांना हे बघवणार नव्हतं.

आरिफनं दार उघडून धरलं. "अब्बा, चला."

"दोन मिनिटं," भाऊ म्हणाले.

ते कमानीखाली गेले. आम्हाला वाटलं, आता बोलतील. आम्ही सगळ्या जवळ सरकून उभ्या राहिलो. पण ते भिंतीच्या दगडावर तळवा टेकवून नुसते उभे राहिले, ताप बघायला कपाळावर हात ठेवावा तसे. वाहनं हॉर्न वाजवत त्यांना वळसा घालून जात होती. मग ते परत आले, पिशवीतून ती तपकिरी शाल काढली, झटकली आणि दोन्ही खांद्यांवरून नीट लपेटून घेतली. स्कूटरवरून चाललेला कोणीतरी ओळखीचा थांबला आणि ओरडला, "काय भाऊ, या उन्हात शाल?"

भाऊंनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम फुटला होता.

"थंडी आहे न बाप्पा," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.